पडद्याआडचा न्याय

पत्त्यांचा विषय निघाला कीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांत अजूनहि दोन तट पडतात. एका तटास तो रिकाम्या माणसाचा उद्योग वाटतो. दुसऱ्या तटाचा पावसाळ्यांतील रविवार त्यावांचून सरत नाहीं. या जुन्या भांडणांत पडण्याचा आमचा विचार नाहीं. परंतु एक देखावा दोन्ही तटांच्या परिचयाचा असेल. घरीं मेंढीकोटाचा डाव रंगांत येतो, आणि समोरचा भिडू हळूच डोळा मिचकावतो, कानाची पाळी चोळतो, किंवा उगाच खोकतो. प्रतिपक्ष 'खुणा चालल्या आहेत' म्हणून ओरडतो, आजीबाई हंसतात, आणि डाव पुढें चालतो. घरगुती खेळांतली ही लबाडी भाजींतल्या मिठासारखी असते. प्रमाणांत असली तर कोणी तक्रार करीत नाहीं. पण हाच खोकला ब्रिजच्या जागतिक स्पर्धेंत ऐकूं आला म्हणजे जिंकलेलीं पदें परत जातात आणि जन्माची अब्रू जाते. हें असें कां, आणि ती अब्रू तोलणारांचा स्वतःचा कांटा कितपत खरा आहे, याचा विचार आम्हांस येथें कर्तव्य आहे.

ब्रिज हा दोन जोड्यांचा खेळ. बावन्न पानें, प्रत्येकास तेरा. प्रथम बोली, मग पानें टाकणें. बोलीची भाषा अत्यंत दरिद्री आहे. एकपासून सातपर्यंत आंकडे, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हे चार रंग व पांचवा नो-ट्रम्प. त्यांत पास, डबल व रिडबल हे तीन शब्द मिळविले कीं ३८ उद्गारांत सारा कोश संपला. एवढ्या भांडवलावर आपल्या तेरा पानांचें वर्णन भिडूस ऐकवावयाचें आणि त्याचें आपण ओळखावयाचें, हेंच या खेळाचें मर्म. म्हणून त्याच्या कायद्याचे दोन खांब आहेत. पहिला असा कीं, भिडूस जें कळवावयाचें तें बोलीनें व टाकलेल्या पानानेंच कळवावें. स्वरानें, विलंबानें, चेहऱ्यानें नव्हे. दुसरा खांब त्याहून उदात्त आहे. आपल्या बोलीचा जो अर्थ दोघां भिडूंनीं ठरविला असेल, तो प्रतिपक्षानें विचारतांच उघड सांगितला पाहिजे. शत्रूस आपल्या भाषेचा कोश आपणच द्यावयाचा आणि मग त्याला जिंकावयाचें! कायद्याबाहेरील गुप्त संकेत ठरवून ठेवणें हा या खेळांतील सर्वांत घोर अपराध मानला आहे, याचें नवल वाटावयास नको.

यावर कोणी म्हणेल कीं, पत्त्यांत अखेर सारें दैवावर. पण संघांच्या स्पर्धेंत तोच वांटलेला डाव दोन खोल्यांत खेळला जातो; एका खोलींत आमच्या संघाकडे जीं पानें येतात, तींच दुसऱ्या खोलींत प्रतिपक्षाकडे जातात. दैवाची वांटणी अशी सारखी झाली कीं निकालांत उरतें तें कौशल्य. आमच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि १९६७ सालीं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवितांना, त्यांतील दैवाचा अंश ब्रिजच्या वांटणींतील दैवासारखाच आहे, असा दाखला दिला. म्हणजे या टेबलावर दोनच वस्तू शिल्लक राहतात, बुद्धि आणि इमान. त्यांतील दुसरी गेली तर पहिलीची किंमत ठरवितां येत नाहीं. कारण येथील चोरींत कुलूप फुटत नाहीं. अलौकिक तर्कानें टाकलेलें पान आणि खुणेनें कळून टाकलेलें पान कागदावर अगदीं सारखेंच दिसतें. म्हणून एका लबाडानें खरोखर लुटला जातो तो समोरचा खेळाडू नव्हे, तर जगांतील प्रत्येक प्रामाणिक प्रतिभावंत. त्याच्या प्रत्येक उत्तम डावाकडे लोक भिंवई वर करून पाहूं लागतात.

आतां आमचा मुद्दा. 'तुमचा कोणताहि करार प्रतिपक्षापासून लपवूं नका' असा दंडक ज्या मंडळांनीं खेळाडूंस घातला, त्यांनीं स्वतःचा न्याय मात्र अनेकदां दार लोटूनच केला आहे. आणि या खेळाचें लबाडांनीं केलें नसेल इतकें नुकसान या लोटलेल्या दारानें झालें आहे.

१९६५ सालचें ब्यूनॉस आयरिसचें प्रकरण घ्या. बर्म्यूडा बोल या जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा चालूं असतां इंग्लंडचे टेरेन्स रीस व बोरिस शापीरो हे पानें धरतांना बोटांच्या संख्येनें आपल्या हातांतील बदामांची संख्या कळवितात, असा संशय अमेरिकन संघास आला. रीस हा सामान्य माणूस नव्हे. ब्रिजवरील त्याच्या ग्रंथांनीं दोन पिढ्यांस खेळ शिकविला. आरोपितांस पत्ता न लागूं देतां निरीक्षकांनीं त्यांच्या बोटांच्या नोंदी केल्या. जागतिक महामंडळानें स्पर्धेच्या जागींच त्यांस दोषी ठरविलें. त्यांच्याच कप्तानानें खेळलेले सामने सोडून दिले. पुढें इंग्लंडांत सर जॉन फॉस्टर यांच्या अध्यक्षतेखालीं महिनोन्महिने चौकशी झाली आणि १९६६ सालीं निकाल लागला, निर्दोष! आरोपीनें आपली बाजू मांडणारा ग्रंथ १९६६ त लिहिला. आरोप करणाऱ्यांपैकीं एकाचा ग्रंथ १९६९ त निघाला. एका न्यायासनानें गुन्हेगार ठरविलें, दुसऱ्यानें सोडून दिलें, आणि वाचकानें दोन ग्रंथांतून आपापला निकाल निवडावा, अशी ही व्यवस्था! रीस व शापीरो दोघेहि आज हयात नाहींत. ते दोषी होते कीं निर्दोष, हें आम्ही सांगूं इच्छीत नाहीं. तें सांगतां येऊं नये अशा रीतीनें चौकशी झाली, हीच आमची तक्रार आहे.

दहा वर्षांनीं बर्म्यूडा येथें याहून मौजेचा प्रकार घडला. १९७५ सालच्या त्या स्पर्धेंत भिडूंनीं एकमेकांचें तोंड पाहूं नये म्हणून जागतिक अजिंक्यपदासाठीं टेबलावर प्रथमच आडवे पडदे लावण्यांत आले होते. पण पडद्याखालीं पाय मोकळेच! इटलीच्या एका जोडींतील एकजण आपल्या पायानें भिडूच्या पायास स्पर्श करीत असल्याचें आढळून आलें. समितीनें काय ठरविलें? पाय हलले हें खरें. ते हलणें अनुचित हेंहि खरें. म्हणून कडक समज द्यावी. पायाचा पानांशीं कांहीं संबंध होता कीं नाहीं, या एकाच महत्त्वाच्या प्रश्नाचा निर्णय लागला नाहीं. इटलीचा संघ खेळत राहिला व अखेर जिंकलाहि. टेबलाखालीं मात्र पायांच्या आड येतील अशीं लहान टेबलें ठेवण्यांत आलीं. न्याय करण्याऐवजीं सुतारकाम करावें, हा धडा मंडळांनीं तेथें गिरविला.

तो त्यांनीं पुढें फार निष्ठेनें चालविला. डोळ्यांस पडदा, पायांस अडसर. आवाजांतील चढउतार नकोत म्हणून बोलीचे शब्द छापलेलीं कार्डें. या उपायांस आमचा विरोध नाहीं. भल्या घरासहि कडी हवी. पण कडीनें चोर अडतो, सुधारत नाहीं. एक द्वार मोकळें राहिलें होतें, तें घशाचें. २०१३ सालीं बाली येथें ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेंत जर्मनीच्या दोन खेळाडूंवर खोकल्यानें संकेत केल्याचा आरोप आला. दोघेहि डॉक्टर! २०१४ सालीं महामंडळानें त्यांस दोषी ठरविलें व जिंकलेलें पद जर्मनीकडून अमेरिकेकडे गेलें.

आणि मग २०१५ साल उजाडलें. नॉर्वेचा बोये ब्रोगेलांड हा नामांकित खेळाडू उघडपणें पुढें आला. इस्राएलच्या ज्या जोडीवर त्यानें आरोप केला, तिच्याबरोबर एकाच संघांत तो पूर्वीं खेळलेला होता. त्या सोबतींत मिळविलेलीं पदें आपण सोडून देतों, असेंहि त्यानें जाहीर केलें. यूरोपीय स्पर्धांतील खेळाच्या चित्रफिती आतां कोणासहि पाहावयास मिळत होत्या. अनेक देशांतील जाणते लोक त्या पाहत बसले, आणि थोडक्याच आठवड्यांत एक तर्क पुढें आला: पडद्याखालून सरकविण्याच्या तबकावर डाव कोठें ठेवला जातो, यांत संकेत आहे. लबाडी थांबविण्यासाठीं आणलेलें तबकच लबाडीचें साधन बनलें, असा हा आरोप होता. त्या जोडीनें तो नाकारला; यूरोपीय मंडळानें पुढें तिला दोषी ठरविलें. लगोलग नेदरलंडमधील एका हौशी खेळाडू बाईंनीं, मोनॅकोतर्फे खेळणाऱ्या आणि जागतिक मानांकनांत अग्रभागीं असलेल्या फान्तोनी व नुनेस या इटालियन जोडीच्या चित्रफिती पाहून, पान उभें ठेवणें व आडवें ठेवणें यांत कांहीं अर्थ असल्याचें सुचविलें. वर्षानुवर्षें क्लबांच्या जिन्यांवर जी कुजबुज चालत असे, तिला अखेर तोंड फुटलें तें कोणत्याहि समितीमुळें नव्हे, तर पुरावा सर्वांस पाहतां आला म्हणून.

येथें एक आक्षेप येईल आणि तो हलका नाहीं. 'तुम्हांस न्यायासन हवें कीं चव्हाटा? हजारों लोक चित्रफिती पाहूं लागले तर कोणाच्याहि खाजविण्यांत संकेत दिसेल!' आक्षेप खरा आहे. फान्तोनी-नुनेस प्रकरणींच यूरोपीय मंडळानें दिलेली शिक्षा लोझान येथील क्रीडा-लवादानें २०१८ च्या जानेवारींत रद्द केली. आरोपांतील संकेत पुरेशा समाधानकारक रीतीनें सिद्ध झाला नाहीं, असें लवादाचें मत पडलें. म्हणजे चव्हाट्यासहि शेवटचा शब्द देतां येत नाहीं. परंतु त्यापुढें काय झालें तेंहि पाहावें. २०२१ सालच्या यूरोपीय पात्रता-स्पर्धेंत इटलीच्या संघांत फान्तोनीचें नांव आलें, आणि एकामागून एक संघांनीं इटलीशीं खेळण्याचेंच नाकारलें. कायद्यानें तो मोकळा. सहखेळाडूंनीं त्याच्यासमोरची खुर्ची रिकामी ठेवली. त्यांचें बरोबर कीं चूक, हा प्रश्न बाजूला ठेवूं. न्यायासनाच्या शब्दावर कोणाचाच विश्वास उरला नाहीं म्हणजे प्रत्येकजण आपापला न्यायाधीश होतो, एवढें मात्र त्या रिकाम्या खुर्च्यांनीं सांगितलें. कुजबुज आणि चव्हाटा हीं परस्परांचीं शत्रु नव्हत; एकाच बंद दाराचीं तीं दोन अपत्यें आहेत.

आणि मंडळांस उघडपणें वागतां येतच नाहीं असें थोडेंच आहे? महामंडळास १९९९ सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची मान्यता मिळाली. तिच्याबरोबर उत्तेजक द्रव्यांची तपासणीहि आली. नॉर्वेंत जन्मलेला गायर हेल्गेमो हा जगांतील अत्यंत थोर खेळाडूंपैकीं एक. २०१८ सालच्या त्याच्या तपासणींत कृत्रिम टेस्टोस्टेरॉन व क्लोमिफीन हीं द्रव्यें आढळलीं. २०१९ सालीं नांव, द्रव्य व बंदीची मुदत सारें जगजाहीर झालें. या द्रव्यांनीं बदामाची राणी कोणाच्या हातीं आहे हें कळतें, असें वैद्यकशास्त्राचेंहि म्हणणें नाहीं. जेथें खेळाच्या इमानास धक्का नाहीं तेथें दवंडी, आणि जेथें इमानच गहाण पडलें तेथें कुजबुज, हा न्याय आमच्या बुद्धीस आकळत नाहीं.

वाचक म्हणतील, ही परक्यांच्या घरची उठाठेव आम्हांस कशाला? तर आतां तें घर परक्याचें राहिलेलें नाहीं. २०१८ सालीं जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला, आणि पुरुषांच्या जोड्यांत प्रणव वर्धन व शिवनाथ सरकार या दोघां बंगाली गृहस्थांनीं भारतास सुवर्णपदक मिळवून दिलें. एकाचें वय ६०, दुसऱ्याचें ५६. ज्या वयांत आमच्याकडे माणूस पेन्शनच्या कागदांची जुळवाजुळव करतो, त्या वयांत त्यांनीं राष्ट्रगीत वाजविलें. उद्यां आमच्याच एखाद्या जोडीच्या उत्तम डावाकडे कोणी भिंवई वर केली, तर तिची अब्रू राखील असें न्यायासन कोठें आहे?

पडदे आणि कॅमेरे वाढवून हा प्रश्न सुटत नाहीं. २०२० सालीं महामारीमुळें सारा खेळ संगणकावर गेला, तेव्हां खेळणारानेंच दुसऱ्या नांवानें प्रेक्षक होऊन चारहि हात पाहावे, असाहि मार्ग निघाला. २०१५ सालच्या जगज्जेत्या पोलिश संघांतील एका खेळाडूनें तो आपण अवलंबिल्याचें स्वतः कबूल केलें. लबाडीस नवें दार नेहमींच सांपडेल. म्हणून आमची मागणी यंत्रांची नाहीं, तीन साध्या गोष्टींची आहे. आरोप लेखी असावा व त्याचा सारा पुरावा आरोपितास प्रथम मिळावा. निवाडा करणारे लोक मंडळाच्या अधिकाऱ्यांपैकीं वा आरोपिताच्या प्रतिस्पर्ध्यांपैकीं नसावेत, आणि ज्या डावांवर आरोप उभा आहे ते कोणासहि तपासतां यावेत. आणि निकाल कारणांसह छापला जावा. दोषी ठरल्यास जितक्या मोठ्या अक्षरांत, तितक्याच मोठ्या अक्षरांत निर्दोष ठरल्यासहि.

यांत नवें असें आम्हीं कांहींच मागितलेलें नाहीं. टेबलावर बसलेला अगदीं नवखा खेळाडूसुद्धां आपल्या बोलीचा अर्थ प्रतिपक्षानें विचारतांच सांगतो. न सांगेल तर त्यास दंड होतो. मंडळांनींहि आपल्या निकालाचा अर्थ विचारतांच सांगावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे. खेळाडूंच्या मधोमध पडदा अवश्य असावा; न्यायाधीश व लोक यांच्यामध्यें तो असतां कामा नये.