काच पुसली, तरी दिसेना!

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सावंतवाडीचं लग्न आटोपून आम्ही रात्री आंबोलीमार्गे कंग्राळीला परतत होतो. पाटणे फाटा मागे पडला आणि समोरून एका ट्रकचे दिवे आले. त्याबरोबर आमची समोरची काच अख्खी पांढरी झाली! ह्यांनी करकचून ब्रेक दाबला. दिवे सरले तेव्हा दिसलं, चार हातांवर उसाची बैलगाडी. मागे दिवा नाही. आमची मुलं मागच्या सीटवर गाढ झोपलेली.

सांगायला लाज वाटते, पण निघण्याआधी ती काच मीच पुसली होती. डॅशबोर्डला पॉलिश लावलं, त्याच फडक्याने!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या अण्णांना गाडी दाखवली. ते टॅक्सी चालवतात. त्यांनी आतून काचेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "अक्का, ओळगिन गाजु वरसे इल्ल नोडरी!" आतली काच पुसलीच नाही म्हणे. खरंच होतं. पॉलिशचा तेलकटपणा, डॅशबोर्ड तापल्यावर निघणारी वाफ, उदबत्तीचा धूर, सगळ्यांचा पातळ थर आतून बसतो. दिवसा तो कळत नाही. समोरून उजेड आला की डोळ्यांपुढे पडदाच!

अण्णांनी शिकवलेली रीत अशी :

गाडी सावलीत, काच गार असताना पुसावी. उन्हात पाणी पुसण्याआधीच वाळतं आणि रेघा उठतात. आपली लाल धूळ कोरडी पुसू नये, काचेला चरे पडतात. आधी भरपूर पाणी ओतावं. वायपर उचलून त्याचं रबरही ओल्या फडक्याने पुसावं.

बोअरच्या पाण्यातले क्षार वाळले की पांढरे ठिपके राहतात, म्हणून शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा. जुन्या ठिपक्यांवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन भिजवलेलं फडकं पाच मिनिटं ठेवावं, मग धुवावं. रंगावर ओघळ गेला तर लगेच पाणी मारावं.

मायक्रोफायबरची दोन फडकी ठेवावीत, एक ओलं, एक कोरडं. ती काचेचीच; पॉलिशला लावू नयेत आणि कपडे मऊ करण्याच्या औषधात धुऊ नयेत. मागच्या काचेवर आतून बारीक तारा असतात, तिथे तारांच्या दिशेनेच हलका हात फिरवावा.

आणि खरी युक्ती : बाहेरून उभा हात, आतून आडवा. रेघ राहिली तर ती कोणत्या बाजूची ते लगेच कळतं.

वाचून झालेल्या अंकाने काच पुसणाऱ्या वाचकांवर आमचा राग नाही! फक्त शाई हाताला आणि काचेभोवतीच्या रबराला लागते, एवढं ध्यानात असू द्या.

रात्रीच्या प्रवासाला निघण्याआधी एकाला बाहेर टॉर्च धरून उभं करा आणि स्वतः चालकाच्या जागी बसून पाहा. आमच्या घरी आता हे काम मुलांकडे आहे.