डब्यात तेल किती, एवढं तरी कळू द्या

गेली चार वर्षं मी सोमवार ते शनिवार मुलुंड पूर्वेला राहतो, रविवारी गावी. जेवण डब्याचं. गेल्या दिवाळीनंतर शुगरचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं : दिवसाला १६०० कॅलरी. आता मला सांगा, पोळी लाटली दुसऱ्याने, फोडणी घातली दुसऱ्याने, मी फक्त झाकण उघडणार. मी कॅलरी कशाच्या मोजू?

तरी मोजल्या. मोबाईलवर ॲप घेतलं. 'व्हेज थाळी' टाकलं की आकडा येतो. चार पोळ्या, एक सुकी भाजी, आमटी, भात : मी आपला रोज ६५० लिहायचो. तीन महिने इमाने इतबारे लिहिलं. वजन हललं नाही, शुगरही नाही. डॉक्टर माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी रात्री लपून जिलब्या खातो.

खोटं बोलत नव्हतो हो. पण अंदाज चुकतो आणि तो नेहमी एकाच बाजूला चुकतो. १९९२ मध्ये अमेरिकेत झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. 'आम्ही १२०० कॅलरीच्या आत खातो तरी वजन उतरत नाही' असं म्हणणारी मंडळी निवडली आणि त्यांचं खाणं खरोखर मोजलं. सांगितलेला आकडा खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघाला. परक्या हातचं खाणाऱ्याचं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा.

शेवटी पत्रकाराची खोड कामाला आली. ॲप बाजूला ठेवलं आणि डबेवाल्या मावशींनाच विचारलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं मी तक्रार घेऊन आलोय. मग म्हटलं, "मावशी, फक्त सांगा, तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा किती दिवस जातो?"

"सोमवारी फोडते, शनिवारी रात्री संपतो."

"जेवणाचे डबे किती?"

"सकाळचे ४०, रात्रीचे ४०."

झालं. सहा दिवसांचे ४८० डबे. १५,००० ग्रॅमला भागलं की डब्यामागे ३१ ग्रॅम तेल. मावशींच्या घरचा स्वयंपाक त्याच तेलात होतो, तो वजा धरून २८ म्हणा. एका ग्रॅम तेलाच्या ९ कॅलरी, म्हणजे २५० नुसत्या तेलाच्या. किलोभर कणकेच्या ३० पोळ्या होतात, म्हणजे माझ्या चार पोळ्यांच्या ४४० च्या आसपास. भाताला ६० ग्रॅम तांदूळ, २१०. आमटीची डाळ २५ ग्रॅम, ८०. भाजीचे ४० धरा. बेरीज १०२०. मी लिहीत होतो ६५०. आणि असे दिवसाला दोन डबे!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटाला तेल-तूप धरलंय २७ ग्रॅम. माझं दिवसभराचं तेल दुपारी दीड वाजताच संपत होतं. मिसळीची तर्री निदान वर दिसते. वांग्याच्या काचऱ्या तेल पिऊन गप्प बसतात.

यात मावशींना दोष देऊ नका. पहाटे पाचला केलेली भाजी दुपारी दीडला उघडायची, तेल कमी असेल तर ती कोरडी पडते. आणि गिऱ्हाईक म्हणतं, काय हे उकडलेलं दिलंय. शिवाय हाच डबा दिवसभर बाईक हाणणारा डिलिव्हरीचा पोरगाही खातो, त्याला १०२० कॅलरी कमीच पडतील. चूक डब्यात नाही. चूक ही की आत काय आहे हे त्यालाही माहीत नाही आणि मलाही नाही.

आता कायद्याचं बघू. कायदा आहे. एफएसएसएआयचे २०२० चे नियम आहेत आणि २०२२ पासून ते लागू आहेत. ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या १० वा जास्त शाखा आहेत, त्या हॉटेलांनी मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी छापायच्या. अंधेरीच्या मॉलमध्ये बर्गरच्या साखळी दुकानात जा, पाटीवर आकडा सापडेल. पण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड रोज बर्गर खातं का? इथला नोकरदार, नर्स, पीजीतली पोरं रोज जेवतात ती पोळी-भाजी केंद्रात, कँटीनमध्ये, मावशींच्या डब्यावर. महिन्यातून एकदा खायच्या वस्तूवर आकडा आणि रोजच्या जेवणावर काही नाही, हा माझ्या मते उलटा न्याय आहे.

मग मावशींनाही कॅलरीची पाटी सक्तीची करा, असं मी म्हणतोय का? मुळीच नाही. प्रयोगशाळेचा खर्च, वर तपासायला येणारे साहेब. सहा महिन्यांत निम्मी केंद्रं बंद पडतील आणि जागा घेतील मोठ्या कंपन्या.

पण सरकारला दुसऱ्यासाठी शिजवलेल्या जेवणाचा हिशेब ठेवता येतो, हे आपण रोज शाळेत बघतो. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, असं मिळून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं ठरलेली आहेत. वाढताना घोळ होतात, त्याच्या बातम्या मीही केल्यात. पण कागदावर माप आहे, म्हणून तर घोळ पकडता येतो. हेच माप सरकारी कार्यालयं, महापालिकेची रुग्णालयं यांच्या कँटीनच्या कंत्राटात का नसावं? कंत्राटात थाळीचा दर असतो, मग थाळीमागे तेल किती, ही एक ओळ लिहायला काय लागतं? आणि छोट्या केंद्रांना परवाना नोंदणीच्या वेळी माझा वरचा भागाकार शिकवा. कागद, पेन आणि पाच मिनिटं. भिंतीवर खडूने लिहा : 'एका डब्यात तेल अमुक ग्रॅम.' कॅलरी नको, तेवढं पुरे. पोळ्या आम्ही मोजू शकतो, भात डोळ्यांना दिसतो. दिसत नाही ते तेल.

मुंबईचे डबेवाले १८९० पासून डबे पोचवतायत. झाकणावरच्या खुणेत स्टेशन, इमारत, मजला सगळं येतं. पूर्वी आतलं माहीत करून घ्यायची गरजच नव्हती, घरच्याच बाईने भरलेला असायचा. आता घरात दोघंही सकाळी सातच्या लोकलला असतात.

मावशींशी बोलणं झालंय. मी दुपारी तीन पोळ्यांवर आलोय (पैसे मात्र चारचेच, त्यावर वाद चालू आहे). त्या म्हणाल्या, "दादा, पाच गिऱ्हाईकं आणा, कमी तेलाची वेगळी कढई लावते. एकट्यासाठी गॅस परवडत नाही." आमच्या बिल्डिंगमधले दोघं तयार आहेत, मी तिसरा. मुलुंड पूर्वेचं कुणी असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, अजून दोघं हवेत.