मधुमेही व्रण आणि मधाची पट्टी

व्रणचिकित्सेत मधु व घृत ही सुश्रुताचार्यांच्या काळापासूनची द्रव्ये. परंतु मधुमेही पायाच्या व्रणावर मध वापरू नये, असे या विषयावरील आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ साली स्पष्टपणे सुचविले. कारण, पुरावा दुबळा. यावर संतापण्यात अर्थ नाही. पुरावा आपण तरी कोठे दिला?

दुकानातील मध हे व्रणद्रव्य नव्हे. कच्च्या मधात क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू असू शकतात. ते मारण्यास मध तापवावा, तर हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करणारे विकरच नष्ट होते. (तप्त मधाचा निषेध आपणांस नवा नाही!) गॅमा किरणांनी मात्र बीजाणू मरतात आणि मधाचे जंतुघ्न कार्य टिकते. वैद्यकीय साहित्यासाठी असा प्रकल्प ट्रॉम्बे येथे १९७४ सालीच उभा राहिला. औषधनिर्मात्यांनी प्रमाणित, निर्जंतुक पट्टी सिद्ध करावी; आयुर्वेद महाविद्यालयांनी तिची तुलना साध्या पट्टीशी करावी आणि निष्कर्ष प्रतिकूल आले तरी छापावेत.

तोवर वैद्यबंधूंनी पट्टीआधी पायाची नाडी व संवेदना तपासावी, तळव्यावरील भार हलका करावा. नाडी लागत नसेल, तर रुग्णास त्याच दिवशी रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे धाडावे.