सभेआधीच झालेली सभा

बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी. जुन्या चार मजली सोसायटीत पुनर्विकासाचा विषय निघाला की एक गृहस्थ उगवतात. ते सभासद नसतात, नेमलेले प्रकल्प सल्लागार (पीएमसी) नसतात, बिल्डरचे आहोत असंही कधी म्हणत नाहीत. ‘ओळखीतले’ एवढाच परिचय. पहिला चहा सेक्रेटरींकडे, दुसरा ‘ए’ विंगमधल्या निवृत्त बँकवाल्या काकांकडे. चाळीस बिऱ्हाडांची दारं वाजवायची गरजच नसते. ज्यांच्या शब्दाला आठ-दहा घरं मान डोलावतात असे तिघं-चौघं गाठले की उरलेलं काम सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करतो. ‘शेजारच्या बिल्डिंगला कॉर्पस जास्त मिळाला’ हे मूळ बोलणं त्या गृहस्थांचं. आपल्यापर्यंत ते काकांच्या तोंडून येतं, म्हणून खरं वाटतं.

शासनाला याची कल्पना नाही असं नाही. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालचे २००९ चे निर्देश आणि ४ जुलै २०१९ ची त्यांची सुधारणा पाहा. विकासक निवडीच्या सभेला फक्त सभासद, तेही ओळखपत्रासह, निबंधकांचा अधिकारी हजर, शिवाय चित्रीकरण. सगळा पहारा हॉलच्या दारावर! मतं ठरलेली असतात महिनाभर आधी, बैठकीच्या खोलीत. त्यात २०१९ साली संमतीची अट ५१ टक्क्यांवर आली. मूठभरांची अडवणूक थांबावी हा हेतू रास्त होता, पण मन वळवणाऱ्याचे कष्टही त्याने वाचले.

गंमत अशी की याच सोसायट्यांना अकरा महिन्यांच्या करारावरचा भाडेकरू ‘बाहेरचा’ वाटतो. त्याने गच्चीची किल्ली मागितली तरी कमिटी बसते.

करारावर सह्या झाल्या की ओळखीतल्यांचा फोन लागत नाही. मागे उरतात जिन्यात एकमेकांशी न बोलणारे दोन तट आणि काम रखडलं तर भाड्याची विवंचना. गोरेगावची पत्राचाळ म्हाडाची, तिची कथा निराळी. पण २००८ च्या पुनर्विकास करारानंतर तिथली ६७२ कुटुंबं दशकभराहून अधिक काळ घरासाठी ताटकळली, हे उपनगरात कुणाला सांगायला नको.

पीएमसीची फी सोसायटीच्या ठरावात लिहिलेली असते. या गृहस्थांची फी कोण देतं, हे काकांनी पहिल्याच चहाला विचारावं. उत्तर टाळलं, तर तेही ग्रुपवर टाकावं.