५०० फुटांची रेषा : गिरगाव-लालबागमध्ये मालमत्ता कराचं बिल नेमकं कसं ठरतं?

समजा, लालबागमधल्या एका चाळीचा पुनर्विकास झाला. १८० चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्या एका कुटुंबाला टॉवरमध्ये ४९० फुटांचं घर मिळालं. शेजारच्यांनी बिल्डरला पैसे देऊन थोडी वाढीव जागा घेतली, त्यांचं घर झालं ५१० फुटांचं.

पहिल्या कुटुंबाला मालमत्ता कर माफ. दुसऱ्याला कर भरावा लागतो, आणि तो वरच्या १० फुटांवर नाही, तर पूर्ण ५१० फुटांवर.

१ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फूट, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र असलेल्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ आहे. त्याआधी २०१९ मध्ये मिळालेली सूट फक्त सर्वसाधारण करापुरती होती, त्यामुळे बिल येतच राहिलं होतं. २०१७ मध्ये महापालिकेच्या सभागृहाने ५०० ते ७०० फुटांच्या घरांना ६० टक्के सवलत देण्याचाही ठराव केला होता. ती पायरी प्रत्यक्षात आली नाही. म्हणून आज उतार नाही, थेट कडा आहे.

पण ५०० फुटांच्या वर गेलं की आकडा येतो कुठून?

भाड्यावरून भावावर

२०१० पर्यंत मुंबईत कर ठरायचा 'करयोग्य मूल्या'वर. ही मालमत्ता भाड्याने दिली तर वर्षाला किती भाडं येईल, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा, असा तो हिशेब होता. दक्षिण आणि मध्य मुंबईत मात्र या हिशेबाला एक मोठी अट होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती. भाडं गोठलं की करयोग्य मूल्यही गोठलं. त्यामुळे गिरगावातल्या मोक्याच्या पागडीच्या इमारतीचा कर उपनगरातल्या नव्या इमारतीपेक्षा कमी, असं चित्र अनेक वर्षं दिसायचं. उपनगरातल्या लोकांची याबद्दलची तक्रार चुकीची नव्हती.

१ एप्रिल २०१० पासून 'भांडवली मूल्य' पद्धत लागू झाली. आता आधार भाड्याचा नाही, तर राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या रेडी रेकनरचा. त्या भागाचा रेकनर दर गुणिले क्षेत्रफळ, आणि त्यावर चार भारांक : वापर कशासाठी, बांधकाम कोणत्या प्रकारचं, इमारत किती जुनी आणि मजला कितवा. जे मूल्य निघेल, त्याच्या ठरावीक टक्के कर.

चाळीतून टॉवरमध्ये जाताना काय होतं, ते इथे कळतं. जुन्या इमारतीला वयामुळे मिळणारी घट जाते. साध्या बांधकामाच्या जागी पक्कं आरसीसी येतं. लिफ्टच्या इमारतीत वरच्या मजल्याचा भारांक वाढतो. क्षेत्रफळ तर वाढलेलंच असतं. घरातलं उत्पन्न तेवढंच राहिलं, तरी या सूत्रातला जवळपास प्रत्येक आकडा एकाच वेळी वर सरकतो. निवृत्त गिरणी कामगाराचं पेन्शन किती, हे विचारणारा रकाना सूत्रात नाही.

वाढीवर कायद्याने मर्यादा घातली आहे. नवी पद्धत लागू होताना निवासी मालमत्तेचा कर आधीच्या दुपटीपेक्षा आणि बिगरनिवासी मालमत्तेचा तिपटीपेक्षा वाढवता येणार नव्हता. त्यानंतर दर पाच वर्षांच्या फेररचनेत ४० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. पण हे संरक्षण जुन्या मालमत्तेच्या बिलाला. पाडून नवी बांधलेली इमारत म्हणजे नवी आकारणी.

खालच्या दुकानाचं काय?

दादर स्टेशनबाहेरचं १२० फुटांचं दुकान असो वा परळमधली पिठाची गिरणी, ५०० फुटांची माफी त्यांना नाही. ती फक्त निवासी वापरासाठी आहे. शिवाय व्यावसायिक वापराचा भारांक आणि कराचा दरही घरापेक्षा जास्त.

बिल एकच दिसत असलं तरी ते अनेक करांचं गाठोडं असतं : सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनि:सारण कर, पथकर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर. दुकानदाराच्या बिलात आणखी एक ओळ असते, रोजगार हमी उपकर. हा उपकर बिगरनिवासी मालमत्तांवरच लागतो. म्हणजे ग्रामीण महाराष्ट्रातल्या रोजगार हमी योजनेसाठीचा पैसा दादरच्या साडीच्या दुकानातूनही जातो, आणि हे फार थोड्या दुकानदारांना माहीत असतं.

पागडीच्या इमारतींचा प्रकार वेगळा. तिथे बिल साधारणपणे मालकाच्या नावावर येतं आणि कराचा वाढीव बोजा भाड्यातून भाडेकरूंकडे येतो. उपकरप्राप्त इमारतींमध्ये म्हाडाच्या दुरुस्ती मंडळासाठीचा उपकरही महापालिकाच गोळा करते.

न्यायालयाने काय म्हटलं?

भांडवली मूल्याची पद्धतच घटनाबाह्य आहे, असं म्हणत मालमत्ताधारकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पद्धत वैध ठरवली, पण तिचे काही नियम रद्द केले. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. मुख्य मुद्दा मोकळ्या जमिनीचा होता. भूखंडावर उद्या किती मजले उभे राहू शकतात, हे धरून आज कर लावता येणार नाही. जमीन आज जशी आहे, तशीच मोजायची.

महापालिकेच्या बाजूनेही ताण आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. तेव्हापासून मालमत्ता कर हा पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा खांब आहे. त्यातून ५०० फुटांखालची घरं बाहेर पडली. तरी २०२० ची फेररचना कोविडमुळे पुढे गेली. दर वाढवणं निवडणुकीत महागात पडतं, हे सर्वच पक्ष ओळखून आहेत.

आकारणी चुकली असं वाटलं तर?

आधी बिलातलं चटई क्षेत्र, वापर आणि बांधकामाचं वर्ष घराच्या करारनाम्याशी ताडून पाहायचं. विशेषतः ५०० फुटांच्या आसपासच्या घरांमध्ये, कारण तिथे मोजणीतला दोन-चार फुटांचा फरक माफी आणि पूर्ण बिल यांतला फरक असतो. आकारणीची विशेष नोटीस आली तर त्यात दिलेल्या मुदतीत वॉर्ड कार्यालयात लेखी तक्रार करता येते. गिरगावकरांसाठी ते डी विभागाचं, लालबाग-परळकरांसाठी एफ दक्षिणचं. तिथल्या निर्णयाविरुद्ध धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात अपील होतं. पण मागणीची रक्कम आधी जमा करावी लागते. आणि तक्रार प्रलंबित आहे म्हणून बिल तसंच ठेवणं महागात पडू शकतं, कारण थकबाकीवर महिन्याला २ टक्के दंड लागतो.