रविवारच्या संघातले उसने पाय

आपल्या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघातील खेळाडूंना अलीकडे एक नवीनच मागणी येऊ लागली आहे. शनिवारी रात्री निरोप येतो, "उद्या सकाळी साडेसहाला ये रे, आम्हांला दोघे कमी पडूलालेत." निरोप धाडणाऱ्यांपैकी कुणी बँकेत असतात, कुणी शिक्षक, कुणी उद्यमबागेत फौंड्रीत मोल्डर. वय तिशीच्या पुढे; काहींचे पन्नाशीला टेकलेले. त्यांचा रविवारचा सामना असतो आणि त्यासाठी त्यांना धावणारे पाय हवे असतात. आपली मुले आनंदाने जातात, तीन-चार गोल मारतात आणि इडली-चहा घेऊन परत येतात. सोमवारी कँटीनमध्ये त्या गोलांचे रसभरित वर्णन ऐकावे लागते. माझे स्पष्ट मत असे की आपण जाऊ नये. निदान आज ज्या रीतीने जातो त्या रीतीने तरी जाऊ नये. माझ्या काही मित्रांना हे आवडणार नाही. इलाज नाही.

हा सामना ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बेळगावात लेले मैदान असो वा दुसरे कोणते मोकळे मैदान, रविवारी पहाटे जो आधी पोचेल त्याचे ते. आठ वाजले की टेनिस बॉलवाले क्रिकेटपटू स्टंप घेऊन हजर होतात आणि मग फुटबॉलला जागा उरत नाही. म्हणून हे लोक अंधार सरता सरता येतात. एकजण चुन्याची पिशवी आणतो, एकजण चेंडू. पावसाळ्यात तांबड्या चिखलात चुन्याची रेघ दहा मिनिटेही टिकत नाही. पुढे सीमारेषा म्हणजे ज्याचा आवाज मोठा तो सांगेल ती. लाइन्समन नसतोच, त्यामुळे ऑफसाइडचाही निकाल तसाच लागतो. पंच बहुधा असा गृहस्थ असतो की ज्याचा गुडघा गेला आहे पण मैदान सुटलेले नाही. मैदानावरची भाषा अर्धी मराठी, अर्धी कानडी. डाव्या बाजूने "कोडो, कोडो" अशी हाक येते, उजवीकडून "अण्णा, पळूलालास की चालूलालास?" असा खडा सवाल येतो. हरणाऱ्यांनी चहा पाजायचा. पैज मोठी असेल तर कुंदा. पोट सुटलेला एखादा सेंटर फॉरवर्ड मोकळ्या गोलासमोर चेंडू बाहेर मारतो, तेव्हा दोन्ही संघ पोट धरून हसतात, आणि तो स्वतः सर्वांत जास्त.

आता या सामन्याला खरोखर माणसे कमी पडतात काय? फुटबॉलच्या नियमांप्रमाणे सामना सुरू करायला एका बाजूस किमान 7 खेळाडू लागतात. त्याहून कमी असतील तरच तो सुरू करता येत नाही. प्रौढांच्या आणि स्थानिक पातळीवरच्या खेळासाठी तर नियमांतच आणखी सवलती आहेत. 45 मिनिटांचा अर्ध कमी करता येतो, बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेता येते. म्हणजे दमलेल्या माणसाने दहा मिनिटे बसून श्वास घ्यावा आणि पुन्हा उतरावे, याला आडकाठी नाही. तेव्हा "दोघे कमी पडतात" याचा खरा अर्थ बहुतेक वेळा "समोरच्यांनी गेल्या खेपेस आम्हांला हरवले" असा असतो. समोरच्यांनीही कुठून तरी दोन पोरे आणलेली असतात. एकाने आणली म्हणून दुसऱ्याने आणायची, अशी ही साथ पसरते.

या साथीत बळी कोण पडतो ते पाहा. तो असतो बाराव्या-तेराव्या क्रमांकाचा माणूस. वर्गणी त्याची वेळच्या वेळी आलेली असते. बूट जुने, पण रात्रीच पुसून ठेवलेले. तो आपला डाव्या बॅकला उभा राहायचा, फार धावायचा नाही, पण जागा सोडायचा नाही. आता त्या जागी आपल्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी खेळतो आणि हा गृहस्थ रेषेबाहेर उभा राहून इतरांची घड्याळे आणि चाव्या सांभाळतो. पहिल्या रविवारी तो टाळ्या वाजवतो. दुसऱ्या रविवारी शेवटची पाच मिनिटे त्याला उतरवतात; चार गोलांची आघाडी असते, त्यामुळे धोका नसतो. तिसऱ्या रविवारी त्याच्या घरी काहीतरी काम निघते. कुणी विचारीत नाही, तोही सांगत नाही. बेचाळीस वर्षांचा माणूस "मला खेळायला घ्या" असे तोंडाने म्हणत नसतो.

आणि गंमत अशी की संघ टिकतो तो याच माणसांवर. चुना तो आणतो, मैदानासाठी अर्ज तो लिहितो, नवा चेंडू घेताना उरलेली रक्कम तोच खिशातून भरतो. चपळ खेळाडूला चार संघ बोलावतात. याला हा एकच संघ असतो, म्हणून तो याचीच काळजी वाहतो. तो गेला की सहा महिन्यांत पहाटे साडेसहाला मैदानावर येऊन जागा धरणारा कुणी उरत नाही. मग जागा अर्थातच टेनिस बॉलवाल्यांची. त्यांच्याशी माझे भांडण नाही. लवकर उठणाऱ्याचे मैदान, हा न्याय मला मान्य आहे.

दुसरी गोष्ट दुखापतीची. आपली मुले आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी तयार झालेली असतात. घसरत जाऊन चेंडू काढणे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते, आणि त्यात नियमबाह्य असे काही नाही. परंतु रविवारच्या सामन्याला एक अलिखित कलम आहे: समोरच्याला सोमवारी कामावर जायचे आहे. विशीतला घोटा पंधरा दिवसांत बरा होतो. पंचेचाळिशीतला दोन महिने घेतो, आणि फौंड्रीत दिवसभर उभे राहणाऱ्याला ते दोन महिने कोण भरून देणार? जुने खेळाडू हे जाणतात. चेंडूसाठी जाता जाता पाय आवरता घेतात. उसना खेळाडू आवरत नाही, कारण त्याला गोल दाखवायचा असतो. त्यात त्याचा स्वभाव वाईट असतो असे नव्हे. त्या माणसाचे घर त्याने पाहिलेले नसते, इतकेच.

बाहेरून पाय आणण्याचा हा प्रश्न तसा या खेळाइतकाच जुना आहे. इंग्लंडमध्ये 1863 साली फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, आणि सुमारे वीस वर्षांतच यावरून रण माजले. जानेवारी 1884 मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंड आणि लंडनचा हौशी अप्टन पार्क या संघांचा एफ. ए. कपचा सामना बरोबरीत सुटला. अप्टन पार्कने तक्रार केली की प्रेस्टनवाले खेळाडूंना पैसे देतात. प्रेस्टनचे चालक विल्यम सडेल यांनी ते सरळ कबूल केले. प्रेस्टनने स्कॉटलंडहून कितीतरी खेळाडू आणलेले होते. संघ स्पर्धेतून बाद झाला. पण पुढच्याच वर्षी, जुलै 1885 मध्ये, धंदेवाईक खेळाला मान्यता द्यावी लागली. सडेल यांचा रोखठोकपणा मला आवडतो. ज्यांना फक्त जिंकायचेच आहे त्यांनी तसे उघड म्हणावे आणि त्यासाठी वेगळी स्पर्धा भरवावी.

कुणी म्हणेल, कोल्हापुरात पाहा. तेथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या नावांनी संघ उतरतात, शाहू स्टेडियम भरून जाते, आणि तेथे बाहेरचे, अगदी परदेशांतलेही खेळाडू खेळलेले आहेत. खरे आहे. पण तो पेठेच्या इभ्रतीचा सामना आहे. हजारो लोक तो पाहायला येतात. आमच्या रविवारच्या सामन्याला प्रेक्षक म्हणाल तर फिरायला आलेले दोन पेन्शनर आणि एखादे कुत्रे. तेथे जिंकल्याची कीर्ती शेजारच्या चहाच्या गाड्यापलीकडे जात नाही. एवढ्या कीर्तीसाठी कुणाची जागा हिरावून घ्यावी?

"त्यांनीच बोलावले, आमचा काय दोष?" असेही मित्र म्हणतात. दोष कुणाचा हे मी ठरवीत नाही. मी फक्त आपल्या हिताचे बोलतो. पदवी मिळाली की आपला फुटबॉल संपतो. विद्यापीठाची स्पर्धा नाही, प्रशिक्षक नाही, सरावाची वेळ नाही. कुणी पुण्याला नोकरीसाठी जातो, कुणी वडिलांच्या दुकानात बसतो. आपल्यापैकी नामांकित क्लबात किती जण जाणार, हे आपण सगळे जाणतो. बाकीच्यांना चेंडूला पाय लावायला एकच ठिकाण उरणार आहे, आणि ते म्हणजे हाच रविवारचा संघ. आज आपण त्यातल्या तेराव्या माणसाला घरी बसवले, तर दहा वर्षांनी आपले वजन वाढेल, दम कमी होईल आणि तेरावे आपण असू. तेव्हा संघ असेल की नाही कुणास ठाऊक. मुलींबद्दल तर बोलायलाच नको. त्यांच्या संघातल्या खेळाडूंना पदवीनंतर बोलावणारा एकही रविवारचा संघ माझ्या पाहण्यात नाही, आणि त्यावर कँटीनमध्ये चर्चाही होत नाही.

मग जाऊच नये काय? जावे, पण पाहुणा म्हणून जाऊ नये. वर्गणी भरावी, चुना टाकायला वाकावे, पहिला अर्ध बाहेर बसावे. पंचाचा गुडघा दुखत असेल त्या दिवशी शिट्टी हाती घ्यावी. नियम आपल्याला त्यांच्यापेक्षा ताजे पाठ आहेत. आणि शनिवारी रात्री निरोप आला तर एवढेच विचारावे, "मामा, तुमचे किती जण येणार?" सहा म्हणाले तर बूट घेऊन पोचावे. बारा म्हणाले तर झोपून राहावे; चहाच्या वेळेला गेले तरी ते नाही म्हणणार नाहीत.