बोकडाची बाजू

दसरा जवळ आला की वणी-कळवण भागात एक वाद हमखास डोके वर काढतो : सप्तशृंग गडावर बोकडबळी असावा की नसावा? (गड कळवण तालुक्यात, वणी दिंडोरी तालुक्यात. तरी चैत्रातल्या उन्हात खानदेशातून पायी निघालेला माणूस ‘वणीच्या देवीला चाललो’ असेच सांगतो.) वाद रंगला की बोकड बाजूला राहतो आणि दोन ठरलेली विधाने पुढे येतात. एक बाजू म्हणते, देवाचा धाक उठला की माणसाची नीती संपली. दुसरी म्हणते, धर्म आहे तोवर क्रौर्य राहणारच. माझ्या मते दोन्ही विधाने खोटी आहेत, आणि ती खोटी आहेत हे या परिसरातच सिद्ध होते.

आधी धाकाचे पाहू. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात व्यापाऱ्याने माल उचलायचा, थोडे पैसे द्यायचे आणि बाकीचे बुडवून पसार व्हायचे, हे दुखणे जुने आहे. 2020 साली नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांचे असे अडकलेले पैसे वसूल करण्याची मोहीमच उघडली होती. पैसे बुडवणाऱ्यांत नास्तिक किती, हे त्या वेळी कुणी विचारले नाही. व्यवहारात आपण समोरच्याचा देव विचारत नाही, त्याने मागच्या हंगामाचे पैसे दिले का, एवढेच विचारतो. धाकावर नीती उभी असती, तर देवघर असलेल्या माणसाला उधारी देताना कुणी कचरले नसते.

आस्तिकांचा खरा मुद्दा मात्र धाकाचा नाही, आधाराचा आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणतात, कोणी पाहत नसताना चांगले वागायला बळ लागते, ते श्रद्धा देते. देत असेल. पण बळ मिळणे निराळे आणि दिशा मिळणे निराळे. भगवतीने महिषासुराला मारले म्हणून आपण तिचा जयजयकार करतो. का करतो? महिषासुर अन्यायी होता, हे आपल्याला पटलेले असते म्हणून. म्हणजे न्याय कोणता आणि अन्याय कोणता याचा निवाडा आपण आधीच केलेला असतो, देवीचे माहात्म्य त्यानंतर येते.

सृष्टिकर्त्याशिवाय नीती उभी राहते का, याचे उत्तरही जिल्ह्याबाहेर जाऊन शोधायला नको. बागलाणातल्या मांगीतुंगीला नमस्कार करणारे जैन जगाचा कर्ता मानत नाहीत, तरी अहिंसेचा त्यांच्याइतका कडक हिशेब दुसऱ्या कोणी ठेवलेला नाही. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत राहणाऱ्या बौद्ध भिक्खूंचा विनय, म्हणजे संघाचा आचारनियमही, ईश्वराच्या हुकमावर चालत नव्हता. एवढेच कशाला, वेद शिरसावंद्य मानणाऱ्या मीमांसकांनाही सृष्टिकर्त्याची गरज भासली नव्हती.

आता दुसरी बाजू. ती माझ्या अधिक जवळच्या लोकांची आहे, म्हणून तिच्याशी अधिक कडक वागले पाहिजे. धर्मच क्रौर्याचे मूळ असेल, तर गाडगेबाबांना कुठे ठेवायचे? देवापुढे कोंबडे-बकरे कापू नका हे त्यांनी कीर्तनात, नामाच्या गजरात सांगितले, आणि ऐकायला नवस बोललेलीच माणसे बसलेली असत. नाशिकला गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभी करणारेही तेच. नरेंद्र दाभोलकर स्वतः नास्तिक होते, पण 2000 साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता यावे यासाठी ते सत्याग्रहाला उभे राहिले, म्हणजे श्रद्धाळू बाईच्या हक्कासाठी लढले. त्यांच्या खुनानंतर 2013 साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही वारी, यात्रा, प्रदक्षिणा यांना हात लावलेला नाही. तो शोषणाला आणि अघोरी इजेला गुन्हा ठरवतो, देवावरच्या विश्वासाला नाही.

गडावर प्रत्यक्षात काय घडले? 2016 च्या दसऱ्याला बोकडबळीच्या वेळी मानवंदनेची बंदूक झाडताना अपघात झाला आणि काही भाविक जखमी झाले. पुढच्या वर्षी प्रशासनाने बोकडबळीवर बंदी आणली. बंदीचे कारण भाविकांची सुरक्षितता. एक आदिवासी संस्था न्यायालयात गेली आणि 2022 च्या दसऱ्याआधी मुंबई उच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली. परवानगीला आधार परंपरेचा. दोन्ही निर्णय आपापल्या जागी ठीक असतील, पण बोकडाला मारावे का, हा प्रश्न ना बंदीने सोडवला ना परवानगीने. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 सालचा, त्याच्या 28 व्या कलमानुसार धर्माला आवश्यक अशा रीतीने प्राणी मारणे हा त्या कायद्याखाली गुन्हाच नाही. कायद्याने हात टेकले, म्हणून नीतीनेही टेकायचे काय?

बंदीवाद्यांपैकी पुष्कळांना खटकते ती बोकडाची वेदना नाही, देवीच्या दारात सांडलेले रक्त. ते सोवळे आहे, करुणा नव्हे. कळवण-सुरगाण्याच्या कोकणा आणि भिल्ल घरांनी शतकानुशतके जे केले ते एकाएकी ‘रानटी’ ठरते, आणि ठरवणाऱ्याच्या ताटातल्या मटणाबद्दल अवाक्षर निघत नाही. आदिवासींना राग येतो तो याचा, आणि तो रास्त आहे. मात्र राग रास्त असला म्हणून प्रथा रास्त ठरत नाही. ‘देवीला बोकडच लागतो’ हा युक्तिवाद तर टिकतच नाही. कितीतरी ठिकाणी बळी म्हणून कोहळा फोडतात आणि तिथली देवी कोपल्याचे ऐकिवात नाही. देवीला काय हवे हे माणसेच ठरवत आली आहेत. मग नव्याने ठरवायलाही हरकत नसावी.

ते कसे ठरवायचे, याचा धडा दिंडोरी तालुक्यातच मिळतो. दादासाहेब गायकवाड याच तालुक्यातल्या आंबे गावचे. 2 मार्च 1930 ला नाशिकमध्ये काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, त्यातले ते बिनीचे कार्यकर्ते. चार वर्षांनी, 1934 च्या मार्चमध्ये, आंबेडकरांनी त्यांनाच पत्र लिहून सत्याग्रह थांबवायला सांगितले. त्या पत्राचा आशय आस्तिक आणि नास्तिक दोघांनीही नीट वाचण्यासारखा आहे : आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे किंवा दर्शनाने त्यांचा उद्धार होईल म्हणून हा लढा नव्हता, त्यांच्यात चैतन्य यावे, स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून होता. दार मंदिराचे होते, मागणी माणसाच्या बरोबरीची होती. रामावर श्रद्धा असलेला आणि नसलेला, दोघेही ती तोलून पाहू शकत होते. पुढे 1956 साली आंबेडकरांसह गायकवाडांनी ज्या धम्माचा मार्ग धरला, त्यात ईश्वर नाही आणि नीती मात्र मध्यभागी आहे. त्यानंतर गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले. त्यांचा देव गेला, लढण्याचे कारण गेले नाही.

मी नीती म्हणतो ती ही. इजा कोणाला होते ते आधी पाहायचे आणि कारण असे द्यायचे की ते समोरच्याला त्याचा देव न सोडताही, किंवा देव न मानताही, तपासता यावे. ‘देवीची इच्छा’ हे असे कारण नाही. ‘आजच्या विज्ञानयुगात’ हेही नाही. विज्ञान फार तर बोकडाला वेदना होते एवढे सांगेल. ती वेदना द्यावी की नाही, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

या कसोटीवर मी बोकडबळीच्या विरोधात आहे आणि बंदीच्याही. गर्दीत, वाद्यांच्या गजरात, भेदरलेल्या जनावराला ओढत नेणे ही अनावश्यक यातना आहे. ती टाळून नवस फेडता येतो, आणि हे नवस बोललेल्या बाईशी तिच्या ओट्यावर बसून बोलता येते. पोलीस बंदोबस्तात बोलता येत नाही. पण हीच कसोटी पिंजऱ्यात कोंबून गावोगाव नेल्या जाणाऱ्या कोंबड्यांनाही लावावी लागेल, आणि तिथे गडावरच्या कुटुंबांपेक्षा आम्हा शहरी नास्तिकांची अडचण मोठी आहे. ज्याला दसऱ्याचा एक बोकड दिसतो, त्याने रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढच्या रांगेतही हेच बोलून दाखवावे. मग गडाच्या पायथ्याशी, नांदुरीत, त्याचे कोणी ऐकून घेईल.